साड्यांच्या घडीतले तेहतीस अनारसे

आमच्या घराण्यात आजवर कोणी चोरी केली नाही, कोणी पळून जाऊन लग्न केलं नाही, कोणी निवडणुकीला उभं राहून पडलंही नाही. माझ्यासारख्या गोष्टीवेल्हाळ माणसाने अशा घरात जन्म घ्यावा ही मोठीच गैरसोय. चार माणसं जमली की आपल्याकडे सांगायला काही नाही, म्हणून मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरातली लफडी सांगत आलो. आणि मग एका धोंड्याच्या महिन्यात माझी सख्खी थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, नागरिकशास्त्राची शिक्षिका, साड्यांच्या घडीत अमली पदार्थ लपवून परदेशी निघाली. तो माल बाजारातून आणून देणारा मी होतो, आणि घडी घालायलाही मीच मदत केली होती.

सुरुवात जावयापासून करावी लागेल. ताईची मुलगी लग्न होऊन दुबईला गेली आणि त्यानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. ताम्हनात अनारसे, वर पेटता दिवा, आणि समोर पाटावर जावई. अनारसेच का, तर त्यांना जाळी असते. वाणाचा पदार्थ जाळीदार हवा. तेहतीसच का, याची कारणं ताईला तीन-चार माहीत होती आणि ती ऐकणाऱ्याच्या वकुबाप्रमाणे त्यातलं एक सांगायची. मला तिने कधीच कुठलंही सांगितलं नाही.

भाचीने फोनवर बजावलं होतं, "आई, खायचं काहीही आणू नकोस. इथे सगळं मिळतं."

"बरं," ताई म्हणाली.

आमच्या ताईच्या 'बरं'चा अर्थ चर्चा संपली असा असतो, आणि ती कोणाच्या बाजूने संपली हे समोरच्याला नंतर कळतं.

तांदूळ तीन दिवस पाण्यात पडले, रोज पाणी बदललं गेलं, मग ते फडक्यावर सुकले, दळले गेले, त्यात गूळ मिसळला, गोळा मुरायला ठेवला. खसखस मात्र डब्याच्या तळाशी गेलेली. ती आणायला मी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात गेलो.

"किती देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"अनारशांपुरती."

"अनारसे किती?"

"तेहतीस."

"जावई नवा दिसतोय," तो म्हणाला आणि पुडी बांधायला लागला. "जुन्या जावयाला लोक बत्ताशांवर भागवतात."

ताईने अनारसे तळायला घेतले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो होतो. खसखशीवर गोळी थापायची, खसखस वर ठेवून तुपात सोडायची आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं; अनारसा उलटायचा नाही. पहिलाच अनारसा कढईत विरघळून तुपावर पसरला. त्याला अनारसा हसणं म्हणतात.

"हसला," मी म्हणालो.

"तुझ्याकडे बघून," ताई म्हणाली. "तिकडे जाऊन बस."

मी गेलो आणि बाकीचे तेहतीस खरोखरच उत्तम झाले. स्टीलच्या डब्यात दोन-दोन थरांमध्ये कागद घालून ते बसवले. आता डबा ठेवायचा कुठे? बॅग पोचल्या पोचल्या मुलगी उघडणार, डबा बघणार आणि 'सांगितलं होतं ना' म्हणून सुरू होणार. म्हणून ताईने तो साड्यांच्या चळतीत मधोमध ठेवायचं ठरवलं. एक नारायणपेठी डब्याभोवती गुंडाळली, वर-खाली चार साड्या, बाजूला शाल. "बाहेरून कळतंय का बघ," ती म्हणाली. मी दाबून बघितलं. नाही कळत म्हटलं. त्या वेळी आम्ही दोघं लहानपणी चिंचा लपवताना हसायचो तसे हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाडीने लोहगावला सोडलं. जाताना येरवडा लागतं तेव्हा मी नेहमीप्रमाणे, "ताई, इथे कोणाला भेटायचंय का?" असं विचारलं, आणि तिने नेहमीप्रमाणे, "तुला सोडून परत जाऊ का?" असं उत्तर दिलं. विमानतळाच्या दारात बॅग ढकलगाडीवर चढवून दिली.

"मी थांबतो थोडा वेळ," मी म्हणालो.

"थांबून काय करणार आहेस? विमान ढकलायचंय?"

तिकीट आणि पासपोर्ट दाखवून ती आत गेली. काचेच्या दारापलीकडे तिची मोतिया रंगाची साडी गर्दीत दिसेनाशी झाली. मी गाडी लांबच्या पार्किंगमध्ये लावली आणि भाचीला फोन केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गुपित माझ्या पोटात राहत नाही. ताईने मला बजावलं होतं की अनारशांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मी तिच्यासमोर ते पाळलं. पण ती आत गेल्यावर मी किती वेळ पाळणार?

"गेली का आई आत?" भाचीने विचारलं.

"गेली. तुझ्या नवऱ्याला सांग, चार दिवस पोट मोकळं ठेव म्हणावं."

"म्हणजे?"

"मी काही बोललो नाही. साड्या उघडशील तेव्हा जपून उघड, एवढंच."

"मामा. काय आहे बॅगेत?"

"अनारसे!" मी नाटकात राजाच्या येण्याची वर्दी देतात तशा आवाजात म्हणालो. "तेहतीस! एकही हसलेला नाही!"

 मला वाटलं, फोन कट झाला.

"खसखस लावलीये?" तिने विचारलं.

"बिनखसखशीचा अनारसा असतो का?"

"मामा, नीट ऐक. इथे खसखस बॅन आहे. ड्रग्जमध्ये येते. बॅगेत सापडली तर आत घेतात. पोलीस, कोर्ट, सगळं."

मी हसलो.

"हसू नकोस! आमच्या ऑफिसात नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, घरून मसाला मागवू नका म्हणून. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी आहे, मामा. इथे चालत नाही. बीसुद्धा नाही."

"अगं, पण किती ती खसखस. अनारशाला चिकटलेली."

"त्यांना अनारसा माहीत नाही! त्यांना डबा दिसणार. कुठे ठेवलाय डबा?"

 डबा उघड्यावर असता तर विसरभोळ्या म्हाताऱ्या बाईने खाऊ आणला, चूक झाली, असं म्हणता आलं असतं. पण डबा नारायणपेठीत गुंडाळून, वर-खाली चार साड्या घालून, बाहेरून कळतंय का हे दाबून बघून ठेवला होता. मुलीपासून लपवलेला डबा आणि कायद्यापासून लपवलेला डबा बाहेरून अगदी सारखाच दिसतो.

"साड्यांच्या मधे," मी म्हणालो.

"आईला थांबव," भाची म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "काहीही कर, पण त्या बॅगेसकट तिला विमानात बसू देऊ नकोस."

मी ताईला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. आणि मला आठवलं की गाडीतून उतरतानाच तिने माझ्यासमोर फोन विमान मोडवर टाकला होता. विमानतळ आला म्हणजे विमान मोड, असा तिचा सरळ हिशेब.

मी पळत सुटलो. माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसाने पळणं हे एरवी बघण्यासारखं दृश्य असतं, पण त्या दिवशी मला त्याची मजा वाटली नाही. दारावर बंदूक घेतलेला जवान उभा होता.

"मेरी बहन अंदर गई है," मी धापा टाकत म्हणालो. "उसको वापस बुलाना है. उसके बैग में..."

आणि मी थांबलो. बैग में काय? आयुष्यभर मी शब्दांवर जगलो, हवा तो शब्द हवा तिथे फेकला. इथे पहिल्यांदा असं झालं की पुढचा शब्द चुकला तर माझी बहीण दुबईत नाही, इथेच धरली जाईल, आणि शेजारी मी. अफू म्हणायचं नाही, नशा म्हणायचं नाही, ड्रग तर नाहीच नाही.

"क्या है बैग में?" जवान ताठ झाला.

"खाने की चीज."

"तो खा लेंगी," तो म्हणाला आणि त्याने मागच्या प्रवाशाचं तिकीट हातात घेतलं.

"नहीं, वो चीज वहाँ नहीं चलती. दुबई में."

"टिकट है आपका?"

"नहीं."

"एअरलाइन की खिडकी पे बात कीजिए. लाइन छोड़िए."

विमान कंपनीची खिडकी दाराच्या बाजूलाच होती. आत एक तरुण मुलगी बसली होती, आणि माझ्या सुदैवाने ती मराठी निघाली.

"बोला काका."

मी खिडकीत तोंड घालून अगदी हळू म्हणालो, "बहिणीच्या बॅगेत खसखस आहे."

"काय आहे?"

"अनारसे आहेत हो. जावयासाठी."

"अय्या, हो, अधिक चालूये ना," ती म्हणाली आणि मग तिचा चेहरा बदलला. "थांबा. दुबई?"

"दुबई."

"काका, ते नाही चालत तिकडे. बॅग चेक-इन केली का त्यांनी?"

"मला काय माहीत? मी बाहेर आहे."

तिने ताईचं नाव विचारलं, संगणकात बघितलं. "बॅग गेलीये बेल्टवर. मॅडमचं इमिग्रेशन झालं असेल तर अवघड होईल. बघते." तिने वायरलेस उचलला आणि भराभर बोलायला लागली. सीनियर लेडी, एकट्या आहेत, बॅग ऑफलोड, अर्जंट. पलीकडून खरखर आली. ती म्हणाली, "साडी कुठली आहे त्यांची?"

"मोतिया रंगाची."

"म्हणजे?"

"क्रीम, क्रीम. चष्मा आहे. आणि बघा, कोणाला तरी रांगेत नीट उभं राहायला सांगत असेल, ती."

पोरीने हे शेवटचं जसंच्या तसं वायरलेसवर सांगितलं.

मग नुसतं थांबणं. लोक येत होते, सेल्फी काढत होते, आजीच्या पाया पडत होते. मी काचेला नाक लावून उभा होतो आणि जवान माझ्याकडे बघत होता. मला दिसत होतं ते वेगळंच. परक्या देशातलं टेबल, त्यावर उघडी बॅग, एकेक साडी उचलून बाजूला ठेवणारे हात, आणि समोर माझी बहीण, आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही समजावून सांगता न येणारी. तिला इंग्रजी उत्तम येतं. पण अनारशाला इंग्रजीत काय म्हणणार? आणि खसखशीला जे म्हणणार तोच तर पुरावा.

वायरलेस खरखरला. पोरीने अंगठा वर केला. "मिळाल्या. इमिग्रेशनच्या लायनीतच होत्या. बॅग येईपर्यंत थांबा. पण काका, काउंटर बंद व्हायला आलाय. बॅग परत चेक-इनला द्यायची असेल तर पटकन."

बऱ्याच वेळाने काचेचं दार उघडलं. पुढे कंपनीचा माणूस बॅग ओढत, मागे ताई. चेहरा पांढरा. मला बघताच ती दोन पावलं मागे सरली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही गेलं."

"खरं सांग."

"ताई, देवाशपथ, सगळे जिवंत आहेत."

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि तो रागाचा होता. "मग मला बोलावलंस कशाला?"

मी एका दमात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"झालं नाटक?"

"नाटक नाही."

"गेल्या महिन्यात मला फोन करून सांगितलंस की माझं पेन्शन बंद झालं. मी बँकेत जाऊन बसले."

"ती गंमत होती."

"आणि ही?"

तिने बॅगेचं हँडल धरलं आणि ती परत दाराकडे वळली. मी शपथा घेतल्या, हात जोडले. माझा चेहरा जितका गंभीर होत गेला तितकी तिची खात्री पटत गेली की मी रंगात आलोय. शेवटी मी भाचीला फोन लावला आणि तो तिच्या कानालाच लावला.

"आई," पलीकडून आवाज आला, "मामा खरं बोलतोय."

"अगं, खसखस आहे ती. तुझ्या बाळगुटीच्या वयापासून आपण खातोय. कोणाला कधी चढली?"

"आई, चढण्याचा प्रश्नच नाहीये. इथला कायदा आहे."

"असला कसला कायदा? ज्याने केला त्याने अनारसा खाल्लाय का कधी?"

"नाही खाल्ला! म्हणूनच तर!" भाची ओरडली. मग तिचा आवाज फुटला. "आई, मला तुला आणायला पोलीस स्टेशनला जायचं नाहीये. मला तू घरी हवीयेस. मला दुसरं काहीच नकोय."

 ताईने फोन माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि कोणालाच उद्देशून नाही अशा स्वरात म्हणाली, "कायदा माहीत नव्हता म्हणून सुटका होत नाही. आठवीला मीच शिकवायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय बसलायस? उघड बॅग."

दारापासून थोडं बाजूला, एका खांबाच्या आडोशाला आम्ही बॅग आडवी केली. साड्या उचलल्या, नारायणपेठी सोडली, डबा काढला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ताईने साडीवर बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटाला तीन-चार दाणे चिकटले होते.

झाकण सैल होतं. बॅग बेल्टवरून आपटत गेली, परत आपटत आली आणि खसखस डब्यातून निघून साड्यांत शिरली. नारायणपेठीच्या प्रत्येक घडीत पांढरे बारीक ठिपके. शालीच्या गोंड्यांत. ब्लाउजच्या हातात. बॅगेच्या शिवणीत तर रांगोळी भरावी तशी भरलेली.

"झटक," ताई म्हणाली.

आम्ही दोघांनी दोन टोकं धरून साडी झटकली. खसखस उडाली आणि वाऱ्याने परत बॅगेत पडली. दुसरी झटकली. लोक थांबून बघायला लागले. जवान चालत आला.

"ये क्या कर रहे हैं यहाँ?"

मी तोंड उघडलं. ताईने माझ्या पायावर पाय दिला.

"साडी झटक रहे हैं," ती म्हणाली.

"क्यों?"

"साफ नहीं थी."

जवानाने डब्याकडे बघितलं, अनारशांकडे बघितलं, माझ्या घामाकडे बघितलं.  या बाजूच्या जगात आम्ही काही गुन्हा केलेला नव्हता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "जल्दी कीजिए. यहाँ सामान नहीं खोलते," आणि तिथेच उभा राहिला.

खिडकीतली पोरगी हाक मारत होती, "काका, पाच मिनिटं! बॅग द्यायची का?"

ताईने तिसरी साडी उचलली. झटकली. बोट फिरवलं. दोन दाणे. परत झटकली, परत बोट फिरवलं. एक दाणा. तिने तो दाणा नखावर घेऊन बराच वेळ बघितला. मग साडीची व्यवस्थित घडी घातली, बॅगेत ठेवली आणि बॅग बंद केली.

"हे संपायचं नाही," ती म्हणाली. "बॅग तू घरी ने. मी अशीच जाते."

"अशीच म्हणजे?"

"पर्स आहे. पासपोर्ट आहे. अंगावर साडी आहे. तिकडे पोरीचे कपडे असतील."

"तिच्या जीन्स घालणारेस?"

"वेळ आली तर."

मी म्हणालो, नको जाऊस, आठवड्याने जा, नवी बॅग घेऊ. तिने नुसती मान हलवली. मुलीचं ते 'मला तू घरी हवीयेस' तिच्या कानात होतं, हे मला दिसत होतं. पर्स तिने खांबाजवळच्या कठड्यावर पूर्ण उलटी केली: गोळ्या, रुमाल, जपमाळ, सुपारीची डबी. अस्तर बाहेर काढून बघितलं. दाणा नव्हता. मग ती हात पसरून माझ्यासमोर उभी राहिली.

"मला झाड," ती म्हणाली.

साड्या झटकताना उडालेली खसखस तिच्या अंगावर असणारच. मी तिचा पदर झाडला, निऱ्या झाडल्या, पाठ झाडली, बाह्या झाडल्या. चष्मा पुसला. चपला काढून एकमेकींवर आपटल्या. आमच्या घरात कोणी कोणाला मिठी मारत नाही. मला आठवतं तेव्हापासून मी ताईच्या अंगाला एवढा हात कधी लावला नव्हता. ती शाळेतल्या तपासणीला उभी राहिल्यासारखी सरळ समोर बघत होती. बाजूला जवान बंदूक धरून.

"झालं?"

"झालं बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली, नखं रुमालाने पुसली, रुमाल माझ्या खिशात कोंबला आणि आत गेली. मागे वळून बघितलं नाही.

घरी येऊन मी तो कायदा वाचला, आपला आणि सापडला तेवढा तिकडचाही. आपल्याकडे अफूच्या झाडाला सरकारने चहूबाजूंनी बांधून ठेवलंय. परवान्याशिवाय लावायचं नाही, बोंडाचा चीक गुन्हा, वाळलेलं बोंड गुन्हा, आणि एकदा धरलं की जामीन मिळताना भल्याभल्यांची दमछाक. पण हे सगळं सांगताना कायदा दाण्यांना तेवढं अलगद बाजूला काढून ठेवतो. म्हणून खसखस वाण्याच्या बरणीत बसते. समुद्र ओलांडला की तिथल्या कायद्याला बाजूला काढणं मंजूर नाही. झाड ते झाड. मला त्यात राग येण्यासारखंही काही वाटेना. ज्या देशात अनारसे होत नाहीत त्यांनी अनारशांसाठी पळवाट का ठेवावी? पण वाचून झाल्यावर मी टेबलावरच्या डब्याकडे बघितलं आणि मला तो उघडवेना. डोळ्यांसमोर एकच होतं. मी पदराच्या आतून झाडलं का? ब्लाउजच्या शिवणीत बघितलं का? बहुतेक म्हणजे किती?

विमान उतरल्याचं फोनवर दिसलं. मग भाचीचा फोन.

"मामा, बाहेर उभी आहे मी. लोक यायला लागलेत."

"बरं."

पुन्हा फोन. "पुण्याच्या विमानाचे सगळे आले बहुतेक. आमच्या ओळखीचं एक कुटुंब होतं, तेही आलं. आई नाही."

"रांग असेल."

"त्यांच्या मागेच होती म्हणाले. मग एका बाईने तिला बाजूला घेतलं."

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. दोघंही फोन धरून राहिलो.  तिच्या बाजूने चाकांच्या बॅगांचा आवाज येत होता, कोणीतरी मूल हसत होतं. माझ्या आयुष्यात एवढा वेळ गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. मध्येच जावयाचा आवाज ऐकू आला, तो कोणाला तरी इंग्रजीत काहीतरी विचारत होता आणि त्याला उत्तर मिळत नव्हतं.

मग भाची किंचाळली. मला कळेना की कसली किंचाळी. मग "आई, आई" ऐकू आलं आणि फोन कुठेतरी पडला.

ताईला का थांबवलं, ते संध्याकाळी भाचीने सांगितलं. पुण्याहून एकटी बाई येते, महिनाभर राहायला म्हणते आणि बरोबर एकही बॅग नाही. बॅग कुठे विचारलं, तर घरी राहिली म्हणते. का राहिली विचारलं, तर गप्प. कोणाला संशय येणार नाही? बॅग नेली असती तरी थांबवलं असतं, नाही नेली म्हणून थांबवलं.

मी फोनवर ताईला म्हणालो, "सांग ना, आत काय झालं?"

"विचारलं, बघितलं, सोडलं."

"एवढंच?"

"तुला आणखी किती हवंय?"

वाणाचं तिने काय केलं म्हणाल तर तिथल्या दुकानातून जावयानेच बत्तासे आणले, स्वतःच्या वाणाचे स्वतः. इकडे तिच्या तेहतीस अनारशांना मी हात लावला नाही. सोसायटीतल्या दोन जावयांच्या घरी ते पोचते केले आणि साड्या तीनदा धुतल्या.

महिन्याभराने ती परत आली. मी सबंध प्रसंग रंगवून सांगायला लागलो, विमानतळ, जवान, खिडकीतली पोरगी, सगळं. पण दुबईत तिला बाजूला नेलं त्या बंद खोलीपाशी आलो की मला काहीच माहीत नसायचं. मी पुन्हा पुन्हा तिला विचारायचो आणि ती 'विचारलं, बघितलं, सोडलं' म्हणायची. भाचीने मात्र मला एक गोष्ट सांगितली होती. आई बाहेर आली तेव्हा तिचा अंबाडा नेहमीचा नव्हता. खाली मानेवर, सैल, वेगळ्याच पद्धतीने घातलेला.

एकदा दुपारी ती माझ्याकडे चहाला आली असताना मी तेच विचारलं. "ताई, अंबाडा कोणी सोडला?"

तिने पर्स जवळ ओढली. मला वाटलं, आता उठून जाईल.

"मीच सोडला," ती म्हणाली. "तपासणारी सोडा म्हणाली, सोडला. तिने बोटं घालून सगळे केस बघितले. लहान पोरगीच होती, काळे कपडे, डोक्यावरून घेतलेलं. मला परत बांधायला जमेना. हात चालत नव्हते. पिना खाली पडल्या. तर तिने उचलल्या आणि तिनेच बांधला. कसा बांधायचा ते तिला माहीत नव्हतं."

"मग?"

"मग काय? तसाच राहू दिला. रात्री झोपेपर्यंत."

मला राहवेना. "आणि केसांत काही सापडलं?"

ताईने कप खाली ठेवला. "सापडलं असतं," ती म्हणाली, "तर इथे बसून तुझा हा पाणचट चहा प्याले असते का?"